गावातल्या घरी बेकिंगसाठी ओव्हन घ्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेकिंगच्या वर्गाला येणाऱ्या बायका, बचत गटांतल्या ताया आणि आता कॉलेजातली बरीच पोरंही जे प्रश्न सारखे पाठवत असतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. ज्याने जसं विचारलं तसंच शक्यतो ठेवलंय. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ ओव्हनची गोष्ट लिटर आणि प्रोग्रॅमपासून सुरू करतात, कारण तिकडे व्होल्टेज हा विषयच नसतो. आपल्याकडे, विदर्भातल्या गावांत, पहिला विषय तोच. म्हणून घाई असेल त्यांनी निदान प्रश्न ४ ते ७ वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

१. ओटीजी, मायक्रोवेव्ह, कुकिंग रेंज… फरक काय राहते यांच्यात?

ओटीजी म्हणजे वर-खाली रॉड असलेला विजेचा पेटीसारखा ओव्हन. केक, बिस्किटं, ब्रेड, नानकटाई सगळं होतं. साधा म्हणजे सोलो मायक्रोवेव्ह फक्त अन्न गरम करतो, त्यात केक भाजला जात नाही. दुकानदार काहीही म्हणो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये मायक्रोवेव्हसोबत गरम हवेचा पंखा असतो, त्यामुळे त्यात बेकिंग होतं, पण काही अडचणी आहेत (प्रश्न १४). कुकिंग रेंज म्हणजे वर चार-पाच बर्नर आणि खाली ओव्हन, असं जमिनीवर उभं राहणारं एकच यंत्र. तिचा ओव्हन गॅसवर असतो किंवा विजेवर, हे आधी विचारून घ्या, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. बिल्ट-इन ओव्हन फर्निचरमध्ये बसवतात. गावच्या घरात मी तो सुचवत नाही: दुरुस्तीला काढायचा म्हटलं तरी सुतार बोलवावा लागतो.

२. मी आत्ताच शिकून राहिली. घरच्यापुरता केक करते. कोणता घेऊ?

२५ ते ३० लिटरचा, नॉबवाला ओटीजी. त्यात दोन गोष्टी हव्यातच: वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालू करता यावा, आणि आत पंखा असावा. स्क्रीन, टचची बटणं, वीस प्रोग्रॅम यांचे पैसे देऊ नका. व्होल्टेज वर-खाली झालं की आधी तेच बिघडतं.

दहा-सोळा लिटरचे स्वस्त डबे टाळा. त्यात रॉड केकच्या डोक्यापासून इतका जवळ असतो की वरून काळा आणि आतून कच्चा असा केक निघतो, आणि शिकणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

३. अर्ध्या किलोला किती लिटर, एक किलोला किती लिटर?

लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. सारख्याच लिटरचे दोन ओव्हन आतून वेगळे असतात, एक उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि खोल. दुकानात मोजपट्टी घेऊन जा. अर्ध्या किलोला साधारण ६ इंची टिन लागतो, एक किलोला ८ इंची. टिनच्या चारी बाजूंनी दोन बोटं तरी जागा मोकळी हवी, नाहीतर हवा फिरत नाही. उंचीही बघा: केक फुगल्यावर वरच्या रॉडपासून निदान चार बोटं खाली राहिला पाहिजे. टिन घरूनच नेऊन आत ठेवून बघितला तर मोजपट्टीचीही गरज नाही. दुकानदार हसला तर हसू द्या.

४. संध्याकाळी आमच्याकडं लाईन एकदम डिम राहते. ओव्हन चालन का?

चालतो, पण तापतो किती हा प्रश्न आहे. इथे थोडं गणित सांगावंच लागेल.

ओव्हनवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टला धरलेले असतात. व्होल्टेज उतरलं की रॉडची ताकद त्याच प्रमाणात उतरत नाही, वर्गाच्या प्रमाणात उतरते. म्हणजे १५०० वॅटचा ओटीजी २०० व्होल्टला जेमतेम ११३० वॅट देतो, १८० व्होल्टला ९२० च्या आसपास, आणि १६० ला गेलं तर निम्म्याहूनही कमी, सव्वासातशे. दिवा थोडा मंद दिसतो तेवढ्यात ओव्हन अर्धा झालेला असतो. मग १८० अंशांवर जायला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो, कधी जातच नाही. दार उघडलं की पडलेली उष्णता परत भरून येत नाही. केक फुगायच्या वेळी आच कमी पडली की तो दाट, दमट आणि मध्ये बसलेला होतो. “बेकिंग पावडर खराब होती का?” असे जे फोन येतात, त्यातल्या पुष्कळ जणींकडे पावडर चांगली असते.

म्हणून ओव्हन घ्यायच्या आधी व्होल्टेज मोजा. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात-आठला, असे काही दिवस आकडे लिहून ठेवा. मोजताना घरातली इस्त्री किंवा गिझर चालू ठेवा. रिकाम्या लाईनवर २२० दाखवणारं घर, जड वस्तू लावल्याबरोबर १९० वर येतं. खरा आकडा तो दुसरा.

जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे फरक पडतो. तुमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) जितकं दूर, तितकं व्होल्टेज कमी. गावठाण फीडर, म्हणजे वस्तीची लाईन, शेतीपासून वेगळा झालेल्या गावात बरं असतं. जिथे घरं आणि शेतातले पंप एकाच लाईनवर आहेत, तिथे हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की हिवाळाभर रड असते. जून-जुलैत मोजून समाधान मानू नका.

मग काय करायचं? व्होल्टेज बहुतेक वेळ २०० च्या वर असेल तर ओटीजी बिनधास्त घ्या, फक्त त्याच लिटरमध्ये जास्त वॅटचा निवडा. १८० ते २०० मध्ये असेल तर भाजायची वेळ बदला, पहाटे किंवा दुपारी, आणि घड्याळाऐवजी थर्मामीटर बघून केक आत घाला (प्रश्न १३). कायम १८० च्या खाली असेल तर आधी महावितरणकडे लेखी तक्रार द्या आणि ओव्हनसाठी गॅसचा विचार करा (प्रश्न १०).

५. मंग स्टॅबिलायझर लावला तर?

टीव्ही-फ्रिजचा स्टॅबिलायझर ओटीजीला पुरत नाही. २००० वॅटच्या ओटीजीला निदान ३ केव्हीएचा लागेल. तो जड असतो, महाग असतो, आणि व्होल्टेज वर ओढताना लाईनमधून जास्त अँपिअर खेचतो, म्हणजे जुन्या वायरींवर ताण. नॉबच्या ओटीजीला कमी व्होल्टेजने इजा होत नाही, फक्त तो कमी तापतो. त्यामुळे तेवढ्यासाठी स्टॅबिलायझर घेणं मला पटत नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हला मात्र हवाच, त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक. वादळात खांबावरची न्यूट्रल (परतीची) वायर तुटली की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि एका रात्रीत अख्ख्या आळीचे टीव्ही, चार्जर, फ्रिज जातात. त्यासाठी मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. तो स्टॅबिलायझरपेक्षा खूप स्वस्त पडतो आणि घरातलं सगळंच वाचवतो. आणि काम झालं की ओव्हनचा प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

६. मिक्सरच्या बोर्डावर लावला तर काहून चालत नाही?

लावलात तर सुरुवातीला चालेल, नंतर एक दिवस प्लास्टिक जळाल्याचा वास येईल. मिक्सरचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर घेतो, २००० वॅटचा जवळपास नऊ, आणि तेही पाऊण-पाऊण तास. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, मीटरपासून वेगळी ओढलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका). घर लांबलचक वाड्यासारखं असेल, मीटर ओट्यावर आणि स्वयंपाकघर पार मागे, तर ४ ची वायर घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको. तीन पिनांचं दोन पिनांत करणारा जुगाड तर मुळीच नको, कारण त्यात अर्थिंगच तुटतं.

७. ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात. कंपनीचा दोष आहे का?

आधी प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. दोष यंत्रात असू शकतो, पण गावात बहुधा अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. बोर्डात तिसरं भोक आहे, त्यामागे वायरच नाही, असं कितीतरी घरी दिसतं.

ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनीही उन्हाळ्यात बघावं. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये इतकी भेगाळते की रॉडभोवती कोरडी पोकळी तयार होते आणि अर्थिंग काम करेनासं होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असावं आणि उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा खटका) बसवा. हा खर्च ओव्हनच्या बजेटमध्येच धरा, वेगळा समजू नका. लहान लेकरं ओल्या हाताने ओव्हनशी येतात, आणि तो पूर्ण धातूचा डबा आहे.

८. केक आत असताना लाईन गेली तर?

दार उघडू नका. भाजून जवळपास झाला असेल, वरून रंग आला असेल, तर आतल्या गरमीवर तो होऊन जातो. दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग काडी घालून बघा. अर्ध्यात असेल तर पाच मिनिटं लाईनची वाट बघा आणि तोवर गॅसवर जाड बुडाचं पातेलं झाकण ठेवून तापवा, आत स्टँड किंवा उलटी वाटी. लाईन आली नाही तर टिन अलगद पातेल्यात हलवून मंद आचेवर पूर्ण करा. नुकताच आत गेला असेल तर मात्र थांबूच नका, लगेच पातेल्यात हलवा. ओटीजीचा पत्रा पातळ असतो, तो गरमी फार वेळ धरत नाही.

ऑर्डरचा केक असेल तेव्हा हे पातेलं आधीच ओट्यावर काढून ठेवत जा.

९. घरी इन्व्हर्टर आहे, छतावर सोलर पण लावलं. त्यावर चालन ना?

इन्व्हर्टरवर नाही. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सातशे वॅटच्या आसपासच उचलतो, ओटीजी लावताच ट्रिप होतो. मोठा घेतला तरी १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावरच १८०० वॅट-तासांची. एका केकमध्ये ती आडवी होईल आणि रात्री पंख्याला काही उरणार नाही.

सोलरबद्दल मोठा गैरसमज आहे. पीएम सूर्यघर योजनेत बसवलेले बहुतेक संच ग्रिडला जोडलेले असतात. लाईन गेली की लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते आपोआप बंद होतात, भर दुपारी ऊन असलं तरी. बॅटरीचा हायब्रीड संच असेल तरच लाईन गेल्यावर वीज मिळते, आणि तो ओव्हनचा भार उचलेल का हे बसवणाऱ्याला विचारून घ्या. बिलात मात्र सोलरचा फायदा होतोच.

१०. एवढी लाईनची कटकट, तर गॅसचाच ओव्हन घेतलेला बरा नाही का?

ज्यांच्याकडे व्होल्टेज खरंच पडतं किंवा लाईन रोज तास-तास जाते, त्यांच्यासाठी होय. पण गॅसच्या ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, तो समजून घ्या.

आच खालून येते. त्यामुळे केकचा तळ लवकर लाल होतो आणि वरचा भाग फिका राहतो. वरून रंग आणायला ग्रिल लागतं. ते काही रेंजमध्ये गॅसवर असतं, काहींमध्ये विजेवर. तळ जळत असेल तर खालच्या खाचेत एक रिकामा ट्रे ठेवतात. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, म्हणून आतली हवा दमट असते: ब्रेड-पाव छान होतात, बिस्किटं कुरकुरीत व्हायला वेळ घेतात. बहुतेक गॅस ओव्हन १४०-१५० अंशांच्या खाली नीट टिकत नाहीत. मेरँग, मॅकरॉन (मंद आचेवर भाजायचे अंड्याच्या पांढऱ्याचे पदार्थ) करायचे असतील तर हा ओव्हन नव्हे.

घेताना हे बघा. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारं फ्लेम फेल्युअर डिव्हाइस ओव्हनच्या बर्नरला हवंच. वरच्या शेगड्यांना आहे म्हणून खालीही असेल असं धरू नका. लाईन नसताना ओव्हन काडीने पेटतो का, हे दुकानात पेटवूनच बघा, नाहीतर गॅसचा घेऊन उपयोग काय? बाहेरून आलेल्या काही रेंज पाइपच्या नैसर्गिक गॅससाठी बनवलेल्या असतात. तेच नोझल सिलिंडरवर लावलं तर ज्योत पिवळी, मोठी आणि काजळी धरणारी येते. एलपीजीचं नोझल लावून द्यायला सांगा आणि निळी ज्योत बघूनच पैसे द्या. रबरी नळी आयएसआयची सुरक्षा नळी हवी, आणि ती दर पाच वर्षांनी बदलायची, चांगली दिसत असली तरी.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वरच्या झरोक्यातून तो जात नाही. रेंज ठेवाल त्या खोलीचं दार उंबऱ्यापर्यंत उघडं राहील असं बघा.

जागाही बघा. ५० सेंटिमीटर रुंदीची रेंज ओट्याच्या कडेला बसते, ६० ची बऱ्याच स्वयंपाकघरांत दाराला अडते.

११. घरचा लाल सिलिंडर ऑर्डरच्या केकसाठी वापरला तर चालते का?

नाही. १४.२ किलोचा सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे. २००० सालच्या एलपीजी नियमन आदेशानुसार विक्रीच्या कामाला तो वापरता येत नाही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा. एजन्सीत विचारा, नोंदणी फार अवघड नाही. घरचं आणि धंद्याचं एकाच रेंजवर करायचा बेत असेल तर हे आधीच ठरवा.

१२. बिल किती येईन? गॅस स्वस्त का लाईट?

लाईटचा हिशोब सोपा आहे. ओव्हन लावायच्या आधी मीटरचा आकडा लिहा, केक काढल्यावर परत लिहा, मधल्या वेळात बाकी जड काही चालवू नका. १५०० वॅटचा ओटीजी प्रीहीट धरून तासभर चालला तर साधारण एक युनिट जातं. १८० अंश झाले की रॉड बंद-चालू होत राहतो, त्यामुळे पूर्ण दीड युनिट लागत नाही. त्याला तुमच्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा, पहिल्या टप्प्याच्या नाही. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, असे चढत जातात, आणि ओव्हनची युनिटं वरच्या टप्प्यात पडतात.

गॅसचं उलट आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते, पण गॅस ओव्हनला धूर बाहेर जायला वाट ठेवावीच लागते, तिथून बरीच वाया जाते. म्हणून कागदावर गॅस स्वस्त दिसतो तितका एका केकमागे पडत नाही. एका वेळी ट्रेवर ट्रे बिस्किटं काढणाऱ्याला परवडतो; दिवसाआड एक केक करणाऱ्याला फरक जाणवणारही नाही.

घरातून धंदा करणाऱ्यांना एक सवलत बहुतेकांना माहीत नसते. राहत्या घराच्या भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या व वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. त्यापुढे गेलात तर जोडणीचा प्रकार बदलण्याबद्दल महावितरणच्या उपविभागात बोलून घ्या.

१३. नॉब १८० वर लावतो तरी केक कधी जळते, कधी कच्चा राहते. असं काहून?

नॉबवरचा आकडा हा अंदाज आहे. ओटीजीमध्ये वीस-पंचवीस अंशांचा फरक असणं नेहमीचं आहे, महागड्यातही. ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा थर्मामीटर घ्या आणि मग नॉबवर पेन्सिलने तुमच्या खुणा करा: १८० हवे असतील तर काटा कुठे.

थर्मामीटर येईपर्यंत साखरेने तपासता येतं. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून ओव्हन १७५ वर पंधरा मिनिटं चालवा, साखर जशीच्या तशी राहिली पाहिजे. मग १९० वर पंधरा मिनिटं, आता ती वितळली पाहिजे. १७५ लाच पाक झाला तर तुमचा ओव्हन जास्त तापतो. १९० लाही दाणेदार राहिली तर कमी. हे व्होल्टेज चांगलं असताना करा, नाहीतर प्रश्न ४ चा दोष नॉबच्या माथी माराल.

पंखा चालू असेल तर रेसिपीपेक्षा १५-२० अंश कमी ठेवायचे. कधी जळतो, कधी कच्चा राहतो, यात पुष्कळदा एवढंच असतं: एकदा पंखा लावला, एकदा नाही.

१४. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह लग्नात मिळाला. त्यावर भागवू का?

शिकायला भागवा. एका वेळी एकच गोल टिन, तोही फिरत्या तबकाला न अडणारा. ब्रेडला खालून हवी तशी आच मिळत नाही. धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शनवर वापरायचा, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनवर नाही. आठवड्याला दोन-तीन केकच्या वर गेलात की ओटीजी घ्या. मायक्रोवेव्हचा बोर्ड जळाला तर दुरुस्तीच्या पैशात नवा ओटीजी यायच्या बेताला येतो.

१५. कंपनी कोणती चांगली?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याला मी नाव सांगत नाही. बजाज, उषा, मॉर्फी रिचर्ड्स, अ‍ॅगारो, सगळ्यांचे ओटीजी साधारण एकाच पद्धतीने बनलेले असतात: दोन-चार रॉड, एक थर्मोस्टॅट (ठरवलेली उष्णता राखणारा भाग), एक टायमर, एक पंखा. बिघडतात तेही हेच चार भाग.

तुमच्यासाठी चांगली कंपनी ती, जिचा माणूस तुमच्या तालुक्यात येतो. घ्यायच्या आधीच कस्टमर केअरला फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा: सर्व्हिस सेंटर कुठे आहे, घरी येता की ओव्हन तिकडे आणावा लागेल, थर्मोस्टॅट आणि रॉड सुटे मिळतात का. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावाला “नागपूरला आणा” असं उत्तर मिळालं तर ती वॉरंटी प्रवासखर्चातच संपली. त्यापेक्षा तुमच्या तालुक्याच्या ठिकाणचा, गिझर-इस्त्री दुरुस्त करणारा मेकॅनिक कोणत्या कंपनीचे पार्ट ठेवतो ते विचारा आणि तीच घ्या. नॉबच्या ओटीजीला एवढा माणूस पुरतो.

वॉरंटी कार्डावर “फक्त घरगुती वापरासाठी” असं बहुतेक वेळा छापलेलं असतं. दुकानाच्या नावाने बिल फाडलंत किंवा तक्रार देताना “रोज दहा केक काढते” म्हणालात, तर वॉरंटी नाकारू शकतात.

१६. ऑनलाईन मागवू की नागपूर-अमरावतीहून आणू?

किमतीत ऑनलाईन, निवांत बघण्यात दुकान. ऑनलाईन घेतला तर खोका फोडताना व्हिडिओ काढा, काच आणि दाराचं बिजागर आधी बघा. सीताबर्डी-इतवारीतून एसटीने आणणार असाल तर ओटीजी मांडीवर किंवा सीटवर, टपावर नाही. कुकिंग रेंज एसटीचं काम नाही, दुकानदाराकडूनच पोचवून आणि जोडून घ्या.

१७. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत ओव्हन लावायचा म्हणजे…

पहाटे लावा, नऊच्या आत संपवा. ओव्हनच्या मागे-बाजूला वीतभर जागा सोडा, भिंतीला चिकटवू नका. कूलरचा झोत ओव्हनवर येऊ देऊ नका: ओटीजीची एक बाजू थंड पडते आणि गॅस ओव्हनची ज्योत हलते. शिवाय कूलरची हवा दमट असते, त्या खोलीत थंड करायला ठेवलेली बिस्किटं संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. ती गार होताच डब्यात बंद करा. आणि कूलर, पाण्याची मोटर, ओव्हन एकाच वेळी चालवायचे नाहीत. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१८. उंदरांचा काही त्रास होते का?

होतो, आणि हे कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. कुकिंग रेंजच्या मागच्या पत्र्याआड उष्णता अडवणारी लोकर असते. उंदरांना ती घरट्यासाठी फार आवडते. पावसाळ्यात रेंज न वापरता महिनाभर पडली की आतल्या वायरी कुरतडलेल्या सापडतात. मागची भोकं बारीक जाळीने झाका, हवा जायची वाट मात्र बुजवू नका. आठवड्यातून एकदा रिकामा ओव्हन दहा मिनिटं तापवा. ट्रेमध्ये चुरा ठेवू नका. मुंग्या आणि झुरळंही त्यालाच येतात.

१९. जुना ओव्हन मिळून राहिला, घेऊ का?

ओटीजी जुना घेऊ नका, बचत फार होत नाही. कुकिंग रेंज घेता येते. समोर पेटवून बघा, ज्योत निळी आहे का, विझवल्यावर गॅस बंद होतो का, दार लावून कागद अडकवला तर तो सहज ओढून निघतो का. निघत असेल तर दाराचं रबर गेलं. मागचा पत्रा काढून बघायला लावा (प्रश्न १८).

२०. ऑर्डरी वाढल्या. आता मोठा ओव्हन घेऊ का दोन लहान?

माझं मत दोन मध्यम ओटीजींकडे आहे. एक बिघडला तर ऑर्डर थांबत नाही. एकात १७० वर केक आणि दुसऱ्यात २०० वर पाव चालू शकतो. वीज कमी असेल त्या दिवशी एकच लावता येतो. मात्र दोन्हींना वेगवेगळे पॉवर पॉइंट आणि वेगवेगळे एमसीबी हवेत, आणि दोन्ही मिळून तीन किलोवॅटच्या वर जाल, तेव्हा बिलावरचा मंजूर भार बघून घ्या. तो एक किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावा लागेल.

बेकरीचा डेक ओव्हन (एकावर एक कप्पे असलेला मोठा ओव्हन) तेव्हाच, जेव्हा रोज ट्रेच्या हिशोबात माल जातो. त्याआधी अन्न सुरक्षेची नोंदणी फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर करून घ्या. ती घरून दोन केक विकणाऱ्यालाही लागते. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत यंत्रांसाठी खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, रोख हातात येत नाही. सध्या अर्ज घेणं सुरू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि अनुदान मिळेलच असं धरून यंत्राची आगाऊ रक्कम भरू नका.

२१. ओव्हन घेतलाच नाही तर बेकिंग होतच नाही का?

होतं. जाड पातेल्यात केक होतो (पद्धत प्रश्न ८ मध्ये आहे, फक्त पातेलं दहा मिनिटं आधी तापवा). कुकर वापरायचा तर जुना वापरा, शिट्टी आणि रबर काढून. रोजचा कुकर कोरडा तापवून खराब करू नका. नानकटाईसाठी अजूनही गावच्या बेकरीची भट्टी सर्वांत चांगली. तूप-मैदा आपला, ट्रेचे पैसे त्यांना.

२२. ओटीजीत रोडगे होतात का? सासूबाई विचारून राहिल्या.

होतात. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे; त्या विस्तवाची चव येणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा. एरवीपेक्षा लहान वळा, मधल्या घड्यांना तूप नेहमीसारखंच. ओव्हन २०० वर पूर्ण तापू द्या, दोन्ही रॉड चालू, पंखा बंद. जाळीवर ठेवा, ट्रेवर नाही, म्हणजे खालून वाफ धरत नाही. वीस मिनिटांनी उलटा, मग आणखी पंधरा-वीस मिनिटं. एक फोडून बघा. आतल्या घड्या सुटल्या नसतील तर १७० वर आणून दहा मिनिटं परत ठेवा.